टोकाचा मणी

माघ सरत आला की हैदराबादेत बरकतपुऱ्याच्या चौकात द्राक्षांच्या बंड्या, म्हणजे हातगाड्या, लागतात. थंडी अजून पुरती गेलेली नसते. सकाळच्या उन्हाला नुकती कुठे ऊब येऊ लागलेली असते, आणि त्या कोवळ्या उन्हात हिरवे घड आतून दिवा लावल्यासारखे उजळतात. खाजामियाँची बंडी त्या चौकात गेली वीसेक वर्षं तरी आहे. तो ओल्या फडक्याने घड पुसत नाही. मण्यांवरची ती पांढुरकी, धुक्यासारखी साय तो तशीच राहू देतो, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी दरवर्षी त्याच्याकडेच जाते. यंदाच्या पहिल्या खेपेतला एक घड त्याने उचलला, वरचा, घडाच्या खांद्याजवळचा टपोरा मणी तोडला आणि माझ्यापुढे धरला.

"चखो अम्मा. शक्कर है शक्कर."

मी तो घेतला नाही. घडच हातात घेतला, उलटा केला आणि अगदी खालच्या टोकाला लोंबणारा, सगळ्यांत लहान मणी तोडून जिभेवर ठेवला. दातांखाली तो फुटला आणि जिभेच्या दोन्ही कडा आकसल्या.

"कच्चा है मियाँ. और पंद्रा दिन बेल पे रहना था."

खाजामियाँ हसला. "पूरा बरकतपुरा खा रा, मीठा बोल रा. कच्चा बोलने वाले आप अकेले."

तरीही मी अर्धा किलो घेतली. पिशवी हातात लोंबत होती आणि त्याचं ते वाक्य कानात. सगळं गाव गोड म्हणत असताना एकट्याने आंबट म्हणायचं, यात चव किती आणि धैर्य किती, असा विचार करत मी जिना चढले.

यंदा मी द्राक्षांच्या मुलखात जाणार आहे. वाइन चाखायला. हे वाक्य मी मुद्दाम इतकं सरळ लिहिते आहे, कारण गेले तीन आठवडे आमच्या घरात ते कुणीही सरळ बोललेलं नाही. मीसुद्धा नाही.

आमचं घर दुमजली. खाली दादा आणि वहिनी, वर मी आणि माझी पुस्तकं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. चाळीस वर्षं वकिली केली, त्यामुळे घरातलं साधं बोलणंही त्याच्या तोंडून निकालासारखं येतं. मी कॉलेजात मराठी शिकवली. लग्न केलं नाही. त्याची कारणं विचारणारी माणसं आता एकेक करून संपली. दादाची मुलगी ऋता सत्तावीस वर्षांची आहे, गच्चीबावलीच्या एका काचेच्या इमारतीत नोकरी करते. मराठी फर्डं बोलते, पण वाचताना जोडाक्षरापाशी अडखळते, जणू रस्त्यात अचानक गतिरोधक आला.

गेल्या वर्षी माझ्या साठीला ऋताने एक बाटली आणली होती. दुपारची वेळ होती. खिडकीतून आलेलं ऊन तिपाईवर पसरलं होतं. तिने काचेच्या पेल्यात बोटभर लाल वाइन ओतली आणि म्हणाली, "आत्या, एकदम गिळू नको हं. तोंडात फिरव. कवितेची ओळ फिरवतेस ना, तशी."

मी फिरवली. आधी जांभळासारखं काही लागलं, मग ओल्या मातीसारखं, आणि मग घशाशी जाताना एक तुरट, कोरडी किनार. कच्च्या सुपारीने जीभ जशी खरखरीत होते तशी. गोडवा नव्हताच. आणि त्या तुरटपणाच्या मागून, किती दुरून कोण जाणे, एक ओळखीचा आंबटपणा उठला. टोकाचा मणी. मी पेला खाली ठेवला. ऋताला वाटलं, आवडली नाही.

"आवडली," मी म्हणाले. "ही द्राक्षं कुठे पिकतात ते मला बघायचंय."

तेव्हापासून आम्ही बेत रचतो आहोत. ऋताच्या लॅपटॉपवर रंगीत चौकोनांचा एक तक्ता आहे. माझ्याकडे शंभर पानी वही. पटानचेरू, झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, सोलापूर. पहिला मुक्काम तिथे. दुसऱ्या दिवशी करमाळ्यावरून नगर, संगमनेर, नाशिक. मग दिंडोरीकडच्या बागा. सोलापूरपर्यंत गाडी मी चालवणार. चोपन्नाव्या वर्षी शिकले, पण वळणावर घाबरत नाही. ज्या दिवशी चाखायचं त्या दिवशी आमच्यापैकी कुणीही गाडीला हात लावायचा नाही, तिथलाच ड्रायव्हर घ्यायचा, हा नियम वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिला आहे. हे सगळं तोडणीच्या दिवसांत, फाल्गुनात. घड वेलीवरून उतरताना मला पाहायचे आहेत. गावांची नावं मी पुन्हा पुन्हा वाचते. प्रत्येक नाव तोंडात थोडं वेगळं विरघळतं.

माझ्या लहानपणी द्राक्षं पाहायला इतकं दूर जावं लागत नसे. हैदराबादच्या भोवतीच बागा होत्या. वडील महसूल खात्यात. फायलींच्या धुळीला कंटाळलेल्या त्या माणसाने मेडचलच्या वाटेवर चार एकर घेतले आणि तिथे अनाब-ए-शाहीचे वेल चढवले. लांबट, फिकट मधाच्या रंगाचे, बी असलेले मणी. ग्रॅनाइटचे खांब, त्यांवर तारा, तारांवर पानांचं छत. भर दुपारी त्या मांडवाखाली शिरलं की बाहेरचं जग पाण्यावरून पाहिल्यासारखं हिरवं हलायचं. पायाखाली नुकतंच पाटाचं पाणी सोडलेल्या मातीचा गारवा, वर मधमाश्यांची गुणगुण आणि चहूकडे घड, इतके खाली लोंबणारे की वाकूनच चालावं लागे. आम्ही दर शनिवार-रविवार तिथे असायचो. आजही कुठे दाट पानांतून गाळलेलं ऊन दिसलं की माझी मान आपोआप खाली जाते.

बागेचा सगळा कारभार यादय्याकडे होता. काळाशार, कृश, कानात पितळेच्या बाळ्या. त्याने मला चाखायला शिकवलं. दहा वर्षांची होते मी. "बिड्डा," तो म्हणायचा. त्याच्या तेलुगूत बिड्डा म्हणजे लेकरू. "वरचा मणी कधी खाऊन बघायचा नाही. वरचा मणी लवकर गोड होतो, तो खुशामत करतो. टोकाचा शेवटी पिकतो. तो खरं बोलतो." मग तो मला बागेच्या चार कोपऱ्यांत आणि मधोमध उभं करायचा. मी टोकाचे मणी खायची, बी चावायची. बी हिरवी आणि कडू लागली तर नाही, तपकिरी होऊन भाजल्या दाण्यासारखी लागली तर हो. "तीपि वच्चिंदा?" तो विचारायचा. गोडी आली का? मी मान हलवायची, नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ज्या दिवशी मी हो म्हणायची, त्या दिवशी टोपल्या निघायच्या. सलग तीन हंगाम त्या चार एकरांची तोडणी एका फ्रॉकमधल्या मुलीच्या जिभेवर ठरली. पुढे आयुष्यात मी पुष्कळ परीक्षा घेतल्या, पुष्कळ निकाल दिले. तितका अधिकार मला पुन्हा कुठेही मिळाला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी जेवताना, ऋताने बेत खाली सांगितला. दादाने ताटातली भाकरी मोडता मोडता हात थांबवला.

"म्हणजे गाडी घेऊन सातशे किलोमीटर जायचं. दारू प्यायला."

"प्यायला नाही बाबा, टेस्टिंग असतं. तोंडात फिरवून थुंकायची."

"विकत घेऊन थुंकायची?" दादाला हा धक्का पहिल्यापेक्षाही मोठा होता. "नलू, तू शिकलेली बाई. एकसष्ट वर्षं आपलं नाव सांभाळलंस, आता काय सुचलं तुला?"

"नाव कुठे सांडतंय, दादा? वाइन सांडली तर सांडेल."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. दादा हसला नाही. दोन दिवस वर-खाली अबोला होता. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच वर आला, खुर्चीत बसला आणि त्याने तडजोड मांडली. चाळीस वर्षांचा सराव होता त्याला. "हे बघ, उगीच सगळ्यांना परेशान करायचं काय काम? नाशिकला जातेच आहेस, तर त्र्यंबकेश्वराचं दर्शन घे. लोकांना तेवढंच सांगू. बाकी तुम्ही आत्या-भाची काय करता ते कोण बघायला येतंय?"

ऋता दारात उभी होती. तिने मला डोळ्यांनी खुणावलं. नंतर म्हणाली, "आत्या, हो म्हण ना. काय फरक पडतो? जायला मिळाल्याशी कारण."

मी काहीच बोलले नाही. आणि आमच्या घरात बाईच्या गप्प राहण्याचा अर्थ कधीपासून ठरलेला आहे.

मग नारळ यायला लागले.

आमच्या लोकांत कुणी देवाला निघालं की त्याच्या हाती आपला नारळ पाठवायचा रिवाज आहे. स्वतःला जाणं होत नाही. निदान आपल्या नावाचा नारळ जावा. दादाने एका मुंजीत सहज सांगितलं, "नलू त्र्यंबकेश्वराला निघालीय," आणि चार दिवसांत माझ्या तिपाईवर पाच नारळ जमले. एकाच्या शेंडीला लाल धागा बांधलेला. एकाबरोबर खण. एकाबरोबर चिठ्ठी, "सुनेच्या बाळंतपणासाठी." नल्लकुंट्याच्या गोदाकाकूंचा सगळ्यांत मोठा होता. काकूंना चौऱ्याऐंशी सरली. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, गुडघ्यांमुळे आता घराबाहेर पडत नाहीत. त्यांनी तो रिक्षाने पाठवला होता.

मी तक्ता आणि वही घेऊन बसायची आणि ते पाच नारळ माझ्याकडे बघत राहायचे. नारळाला तीन डोळे असतात, ही गोष्ट मी आयुष्यात कधी इतकी मनावर घेतली नव्हती.

पूर्वी एकदा मी अशीच गप्प राहिले होते.

त्या हंगामात मी तेरा वर्षांची होते. तोडणी आठवड्यावर आलेली, आणि नेमकी तेव्हा मी पहिल्यांदा बाहेर बसले. आम्ही सगळे बागेवरच राहायला गेलो होतो. आईने मला पाण्याच्या मोटारीच्या खोलीबाहेर, कडुनिंबाखाली चटई टाकून दिली. चार दिवस शिवायचं नाही. आणि बागेत तर पाऊलही नाही; विटाळशीच्या सावलीने वेल जळतो, घड आंबतो, हे तिथे कुणाला सांगावं लागत नसे. मजूर बायकाही त्या दिवसांत आपणहून घरी राहायच्या. कडुनिंबाखालून मला मांडव दिसायचा. वीस पावलांवर. घडांचा वास वाऱ्यावर यायचा, आणि मी तोंड मिटून तो चावायची.

त्याच सुमाराला यादय्या गावच्या जत्रेला गेला होता. वडिलांना रजा नव्हती, ते शहरातच होते. एकोणीस वर्षांच्या दादाकडे पहिल्यांदाच बाग सोपवली होती, आणि व्यापाऱ्याचा निरोप आला होता, माल लवकर आणा. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चटईवरून पाहिलं: दादा मांडवात शिरला, त्याने हात वर केला, घडाच्या खांद्यावरचा एक मणी तोडला, खाल्ला, आणि मजुरांना म्हणाला, "उद्या टोपल्या भरायच्या."

जेवणं झाल्यावर सगळे कलंडले. मी उठले. ती वीस पावलं मला अजून मोजता येतात. मांडवाखालचा गारवा तळव्यांना लागला, मी पहिल्याच घडाखाली मान वर केली आणि टोकाचा मणी ओठांनीच तोडला. जीभ आकसली. दुसरा, तिसरा, मग पलीकडच्या कोपऱ्यातला. बी हिरवी, कडू. अजून पंधरा दिवस. निदान पंधरा.

मी परत चटईवर येऊन बसले. संध्याकाळी दादा माझ्यासमोरून टोपल्या मोजत गेला. सांगायचं होतं ते एवढंच: दादा, थांब, कच्ची आहेत. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं कळलं? आणि त्याचं उत्तर बागेत होतं, जिथे सगळ्यांच्या लेखी मी गेलेच नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी तोडणी झाली. दुपारी गाडी बाजारातून भरलेलीच परत आली. दादाच्या मागोमाग व्यापाऱ्याचं वाक्यही घरी आलं. तो ते स्वतःच पुन्हा पुन्हा म्हणत होता, कानाच्या पाळ्या लाल होऊन. "अंगूर बेल पे पकता साब, टोकरी में नईं पकता." सगळ्या अंगणात टोपल्या मांडलेल्या, आणि त्यांतून तो हिरवा, दुखरा आंबूस वास. आई ओसरीतून म्हणाली, "कुणाची तरी सावली पडली." मग ती माझ्याकडे वळली. "गेली होतीस?"

मी म्हणाले, "नाही."

यापुढचं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. कित्येक वर्षं मला खरंच वाटत होतं की ते माझ्यामुळे झालं. मी शिरले, चाखलं, आणि आंबट निघालं. यात आधी काय घडलं हे तेरा वर्षांच्या मुलीला कोण समजावणार? शहाणपण आलं, वाचन आलं, सावलीने साखर उतरत नाही हे मी चारचौघांत ठणकावून सांगू लागले. पण फाल्गुनात द्राक्षाचा मणी दातांखाली फुटला की मी नकळत आपली सावली कुठे पडलीय ते बघायची. बाग पुढे दोन वर्षांनी विकली गेली, ती त्या एका तोडणीमुळे नव्हे. आता तिथे उंच इमारती आहेत. पण त्या हंगामानंतर मला चाखायला कुणी बोलावलं नाही. यादय्या परतल्यावर त्याने मला हाक मारली होती, आई म्हणाली, "ती आता मोठी झाली." जणू मोठं झालं की जीभ काढून ठेवायची असते.

हा एवढा मजकूर मी काल दुपारी मनात लिहिला, खाजामियाँची द्राक्षं तिपाईवर नारळांशेजारी ठेवली, आणि मग पाचही नारळ पिशवीत भरून निघाले. चार जणांकडे दारातूनच परत दिले. "मी देवाला जात नाहीये, द्राक्षबागा बघायला आणि वाइन चाखायला जातेय. खोटं बोलून तुमचा नारळ नेणं मला जमणार नाही." कुणी ओशाळलं, कुणी दार जरा जोरात लावलं. दार लागण्याचा आवाज ऐकून मी जिने उतरताना अधिकच ताठ होत गेले.

गोदाकाकूंनी मला बसायला लावलं. सगळं ऐकून घेतलं. त्यांचे हात नारळाच्या शेंडीवर होते.

"मग देवाचं नाव कशाला घातलंत मधे?"

"दादाने घातलं. मी गप्प बसले, काकू."

"हं. गप्प बसलीस म्हणजे तूच घातलंस." मुख्याध्यापिकेचा आवाज अजून तसाच. मग नारळाची शेंडी सारखी करत: "कशी लागते गं ती?"

"तुरट. आणि मग बराच वेळ जात नाही."

"माझ्या आयुष्यासारखी म्हण की," काकू म्हणाल्या आणि नारळ माझ्याकडे सरकवला. "हा घेऊन जा. पहिल्या बागेच्या बांधावर फोड. देवाला पत्ता बरोबर सापडतो. माझ्यासाठी फक्त एक कर. परत आलीस की खरं सांग, चार लोकांत सांग."

मी घरी पोचायच्या आधी फोन पोचला होता. दादा माझ्या खोलीत बसला होता, तिपाईसमोर.

"सगळ्या गावात वाजवून आलीस."

"हो."

"साधं दर्शनाचं नाव घेतलं असतंस तर काय झिजलं असतं तुझं?"

"एकदा खोटं बोलले होते, दादा. त्याची चव अजून जात नाही." मी उभीच राहिले. "मेडचलची ती तोडणी. तू खांद्याचा मणी खाल्लास. मी तिसऱ्या दिवशी दुपारी आत गेले होते. टोकाचे चाखले. कच्ची होती. मला माहीत होतं."

खाली वहिनीचा कुकर शिट्ट्या देत होता. दादाचा चेहरा मी पाहिला. सदुसष्ट वर्षांच्या त्या चेहऱ्याखालून हळूहळू एकोणीस वर्षांचा वर आला.

"आत गेली होतीस?"

"गेले होते."

"मग बोलली का नाहीस? मला वाटलं, मला काही कळत नाही. वडिलांनी पुन्हा बागेचं नावही काढलं नाही माझ्यापाशी."

"आणि मला वाटलं, माझ्या सावलीने झालं. बोलले असते तर आत गेल्याचं सांगावं लागलं असतं. तुम्ही सगळ्यांनी मला वीस पावलांवर बसवून ठेवलं होतं, दादा, आणि कळत होतं ते एकटीला मला." माझा आवाज चढला होता, मी तो उतरवला नाही. "मी जाणार आहे. काय चाखायला जाणार आहे ते विचारेल त्याला सांगणार आहे. ऋताने सांगायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. तू रागाव. पण माझ्या वतीने कुणाला काही सांगू नकोस."

दादा हो म्हणाला नाही. मी विचारलंही नव्हतं. मग सवयीने त्याचा हात तिपाईवरच्या घडाकडे गेला. खांद्यावरच्या टपोऱ्या मण्यापाशी बोटं पोचली आणि थांबली. त्याने घड उचलला, उलटा केला, अगदी टोकाचा मणी तोडला आणि तोंडात टाकला. डोळे मिटले गेले त्याचे.

"आंबट आहे."

"आहेच," मी म्हणाले. "या वेळी मी सांगून ठेवतेय."